गोटीरामभाऊंनी पुजलेली टाइम मशीन

नाशकातल्या आमच्या चुंचाळ्यात फॅब्रिकेशनवाल्यांना तोटा नाही. अंबडच्या कंपन्या अगदी लागून असल्यामुळे दर गल्लीत एखादी शेड असतेच, आणि तिच्यातून वेल्डिंगचा निळा उजेड चमकत असतो. पण "बुधवारी या" असं सांगून बुधवारी खरंच गेट हातात देणारा माणूस मी एकच पाहिला. गोटीराम भोये.

आमच्या घराचं लोखंडी गेट त्यांनीच केलं, तेव्हापासूनची ओळख. त्याआधी दोन जणांनी माप नेलं होतं. एकजण फोन उचलेना आणि दुसरा रोज म्हणायचा, "ताई, तुमचंच काम चालू आहे." गोटीरामभाऊंनी टेप लावली, थोडा वेळ वर पत्र्याकडे बघत बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "पुढल्या बुधवारी."

मी म्हटलं, "भाऊ, एवढंसं गेट. आधी नाही का होणार?"

"हुईल की. पण मधी लाइट गेली, माणूस आजारी पडलं, पाहुणे आले, तर? मी समदं धरून सांगतो. बुधवार म्हंजे बुधवार."

आणि बुधवारी सकाळी गेट दारात उभं. मी अजून चहासुद्धा घेतला नव्हता.

त्यांच्या या सवयीचं कारण एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांचा पाडा पेठच्याही पलीकडे, डोंगरात. दिवसातून एकदा एसटी यायची. ती चुकली की दिवस गेला, मग कोणाला कितीही घाई असो. "गाडीनं वेळ पाळली म्हणून आमचं चाललं ताई. मंग माणसाला काय झालं पाळायला?" असं म्हणून ते हसायचे. हसताना त्यांचे डोळे पार मिटायचे. तरुणपणी कंपन्यांच्या बांधकामावर मजुरी करता करता ते वेल्डिंग शिकले, तेही काच न लावता, नुसत्या डोळ्यांनी बघून बघून. रात्री डोळे सुजले की चिमणावहिनी त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या. चिमणावहिनी म्हणजे त्यांची बायको. त्या अजून म्हणतात, "यांना धंदा शिकवण्यात अर्धी भाजी गेली माझी."

तर अशा या माणसाकडे माझी पायल एका रविवारी टाइम मशीन करून मागायला गेली.

पायल माझी मुलगी. अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आठवडाभर माल तपासते आणि रविवारी सिनेमा करते. सिनेमा म्हणजे मोबाइलवर, दोस्तमंडळी गोळा करून. आधी तिने दोन लहान लहान केले होते. एकात मी भाजी निवडताना दिसते. या वेळी मात्र तिला मोठा करायचा होता, आणि तोही काळात मागे जाण्याचा.

गोष्ट तिची तिनेच लिहिली होती. एका मुलाला कंपनीत पोचायला पाच मिनिटं उशीर होतो, हजेरीच्या मशीनवर बोट लागत नाही आणि त्याची नोकरी जाते. मग तो ठरवतो की मशीन बनवायची, फक्त तासभर मागे जायचं, बोट लावायचं आणि परत यायचं. पण मशीनला थांबायचं कळत नाही. तो थेट त्या काळात जाऊन पडतो जेव्हा अंबडला कंपन्याच नव्हत्या, नुसती शेतं होती. तिथले शेतकरी त्याच्याकडे संशयाने बघतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "काय रे, जमीन मोजायला आला का?" हे वाचून मी एवढी हसले की हातातला शिवायचा ब्लाउज खाली पडला.

शेवटी तो कसाबसा त्याच सकाळी परत येतो आणि मशीन मोडून पडते. मी विचारलं, "मोडायला कशाला पाहिजे? एवढी चांगली मशीन."

पायल म्हणाली, "आई, मशीन धड राहिली तर बघणारा प्रत्येक माणूस म्हणेल, मग हा पुन्हा का नाही जात? ती मोडली पाहिजे. मग तो हसत हसत चालत कंपनीत जातो. तिथे सिनेमा संपतो. नाहीतर तो संपतच नाही."

हे सगळं तिने गोटीरामभाऊंना सांगितलं. मीही बरोबर होते, कारण ओळख माझी. भाऊंनी हातातलं काम खाली ठेवून मन लावून ऐकलं. मग विचारलं, "मागं जायचं म्हणता. रिवस गिअर कुठं ठेवायचा?"

पायल म्हणाली, "काका, गिअर नसतो. बटण असतं."

"बरं. आन मागं घेताना हॉर्न?"

"हॉर्न कशाला?"

"कशाला म्हंजे? टेम्पो मागं घेताना वाजतो ना? मागं जी माणसं असतील त्यांना कळाया नको का, की बाबा गाडी येतीय, बाजूला सरा?"

पायल माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे. मग दोघी एकदम हसायला लागलो. तो हॉर्न तिथल्या तिथे ठरला. तुम्ही ऐकला असेल, टेम्पो उलटा येताना पिपाणीसारखं एक गाणं वाजतं तो. भाऊ म्हणाले, "मजुरीचं नाव काढू नका. हॉर्न माझ्या आवडीचा बसवू द्या, बस."

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी ठरली, आणि पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं. पायलने विचारलं, "काका, शेवटी ती कापून द्याल ना? कॅमेऱ्यासमोर तुकडे व्हायला पाहिजेत."

भाऊ म्हणाले, "मी जोडणार, मीच सोडवणार. तुम्ही म्हणाल त्या रविवारी."

मशीन झाली. वॉशिंग मशीनचा जुना ड्रम, कूलरचा पत्रा, चौकोनी पाइपचा सांगाडा आणि बसायला रिक्षाची सीट. समोर बंद पडलेलं विजेचं मीटर लावलं होतं. ते उलटं फिरेल अशी सोय भाऊंनी केली आणि स्वतःच म्हणाले, "हे वायरमनला दाखवू नका." सगळ्याला चंदेरी रंग मारला. गल्लीतले लोक बघायला यायचे. एका आजोबांनी विचारलं, यात कांदा साठवायचा का?

नायक होता रवी, पायलच्या कंपनीतला. हडकुळा, मोठ्या कानांचा, कसाही उभा राहिला तरी हसू यावं असा. मशीनमध्ये बसून काळात जाण्याचे सगळे प्रसंग आधी घेतले. हॉर्न वाजायचा, रवी सीटवर थडथडायचा आणि भाऊ बाजूला उभे राहून बोटाने खुणा करायचे, "येऊ दे, येऊ दे, आजून मागं घे." ती त्यांची सवय. दोनदा त्यांचं बोट कॅमेऱ्यात आलं, तिसऱ्यांदा पायलने ते तसंच ठेवलं.

मग दसरा आला.

दसरा म्हणजे आमचा धम्मदीक्षेचा दिवस, त्या दिवशी आम्ही घरचे सगळे बुद्धलेणीवर जातो. पांढरी साडी, हातात मेणबत्ती आणि फुलं. खाली स्मारकात गर्दी असते, वंदना होते, ओळखीची माणसं वर्षातून एकदा तिथे भेटतात. रवीही आपल्या घरच्यांबरोबर तिथेच होता. त्या दिवशी शूटिंगचं नाव कोणी काढलं नाही. त्यामुळे शेडमध्ये काय चाललंय, आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

अंबडमध्ये दसऱ्याला मशीन पुजतात. कंपनी मोठी असो की पत्र्याची शेड, त्या दिवशी मशीन बंद. धुऊनपुसून तिला झेंडूची माळ घालतात, नारळ फोडतात. गोटीरामभाऊंनी ग्राइंडर पुजला, ड्रिल पुजलं, वेल्डिंगचा सेट पुजला, हातोडी आणि टेपसुद्धा पाटावर मांडली. आणि मधोमध आमची टाइम मशीन उभी. चिमणावहिनी म्हणाल्या, "ही काय सावत्र हाय का? हिलाबी लावा." कुंकू वाऱ्याने उडतं म्हणून भाऊ तेलात शेंदूर कालवतात. त्यांनी पुढच्या पत्र्यावर स्वस्तिक काढलं, दोन्ही बाजूंनी पाच पाच बोटं ओढली आणि नारळ फोडला.

रविवारी पायल शेडमध्ये शिरली आणि दारातच थांबली.

"काका! हे काय?"

"दसरा व्हता ना."

"अहो, पण मशीन कोरी होती! आधीच्या सगळ्या शूटिंगमध्ये कोरी आहे. आता मधेच शेंदूर कुठून आला?"

रवीने फडक्याने पुसून बघितलं. शेंदूर पसरला. थिनर लावला तर शेंदराबरोबर चंदेरी रंगही निघून आला, आणि तेलकट पत्र्यावर नवा रंग धरेना. पायल तिथेच लोखंडाच्या तुकड्यांवर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रवी म्हणाला, "सगळं पहिल्यापासून परत घेऊ." पायल म्हणाली, "कधी? तू चाललास ना चाकणला?" रवीची बदली झाली होती. त्याच्याजवळ थोडेच रविवार उरले होते.

भाऊंचा चेहरा अगदी उतरला. ते खांद्यावरच्या टॉवेलने उगाच हात पुसत होते. मग दबकत म्हणाले, "डायरेक्टरबाई, एक विचारू? ही मागं गेलती ना?"

"हो."

"तितं माणसं व्हती ना?"

"होती. मग?"

"मंग त्यांनीच पुजली आसंल की. आमच्या पाड्यावर पहिल्यांदा एसटी आली तवा आख्खं गाव पाया पडलं. ड्रायव्हरलाबी टिळा लावला. आसली चमकती मशीन शेतात उतरली तर पुजल्याबगर सोडतील व्हय?"

पायल त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने नाक पुसलं आणि उठून त्यांना मिठीच मारली. भाऊ एवढे लाजले की टॉवेल तोंडाला लावून बाहेर निघून गेले.

तर गेली तेव्हा कोरी आणि आली तेव्हा पुजलेली, असं ठरलं. फक्त पूजेचा प्रसंग घ्यायचा राहिला. शेतकऱ्याची बायको म्हणून मला उभं करणार होते. मी पायलला म्हटलं, "मला पूजेचा हात जमणार नाही गं. मी करीन ते नाटक दिसेल. वहिनींना सांग, त्यांचा रोजचा आहे." चिमणावहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "लुगडं कोणतं नेसू?" बस, एवढंच.

शूटिंग घोटीच्या बाजूला एका ओळखीच्या भातशेताच्या बांधावर केलं. भाऊंनी मशीन टेम्पोतून नेली. चिमणावहिनी कासोट्याचं लुगडं नेसून पितळी ताट घेऊन आल्या. कॅमेरा, पायल, रवी, यातलं त्यांना काही दिसतच नव्हतं. त्यांनी पुसटलेल्या स्वस्तिकावरून पुन्हा शेंदूर फिरवला, तांदूळ वाहिले, ओवाळलं. आणि मग कोणी सांगितलं नसताना मशीनच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "संभाळून जाय गं बाई. उन्हाचं थांबत थांबत जाय."

पायलने "कट" म्हणायलाही वेळ लावला. मी बांधावर बसले होते. सासरी निघालेल्या लेकीशी बोलावं तसं त्या बोलल्या होत्या.

मी भाऊंकडे पाहिलं. ते हसत नव्हते. पुजलेल्या मशीनकडे बघत उभे होते, आणि मला तेव्हाच वाटलं की आता काहीतरी अडणार.

अडलंच. शेवटचा प्रसंग पुढच्या रविवारी होता, मशीन कापायचा. रवीचा नाशकातला शेवटचा रविवार. पायलने आठवण करून द्यायला फोन केला तर भाऊ म्हणाले, "या रविवारी नको. पुढं बघू."

पायलने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "आई, काकांनी तारीख बदलली."

मी खरंच शिलाई मशीन थांबवली. चुंचाळ्यात कधी झालं नव्हतं ते त्या दिवशी झालं होतं.

पायलने जाऊन विचारलं तर ते सरळ बोलले. "पोरी, ज्याच्यापुढं नारळ फोडला त्याला ग्राइंडर कसा लावू? माझा हात चालंना."

रवी म्हणाला, "काका, मग शेजारच्या शेडवाल्याला सांगतो. तुम्ही बघूसुद्धा नका."

"मी बांधली आन दुसऱ्यानं तोडायची? तुझ्या घरी आसं करतात का रं?"

मग मुलांनी पुठ्ठ्याची एक खोटी मशीन केली आणि तिला चंदेरी कागद लावला. तोडून बघितली. लग्नाच्या आहेराचं खोकं फुटल्यासारखी दिसत होती. रवी स्वतःच म्हणाला, "मी हिच्यातून काळात गेलो असं सांगितलं तर माझी आईसुद्धा विश्वास ठेवणार नाही."

शनिवारी संध्याकाळी मी थर्मासमध्ये चहा घेऊन शेडवर गेले. भाऊ स्टुलावर बसले होते. समोर मशीन, तिच्यावरची झेंडूची माळ वाळून गेलेली. मी चहा ओतला.

"ताई, मी दोन्हीकडनं अडकलो," ते म्हणाले. "पोरांना शब्द दिला, मीच सोडवीन. आन हिकडं हिच्यापुढं हात जोडले. कोणता मोडू? आजपतुर एकबी मोडला नाय."

माझ्या मनात आलं ते मी बोलले. "भाऊ, आमच्या विहारात भंते सांगतात, जे जोडलेलं आहे ते एक दिवस सुटणारच. त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही."

भाऊंनी चहाचा घोट घेतला. थोडा विचार केला.

"भंते बरोबर सांगतात," ते म्हणाले. "पण ते वेल्डर नसतील."

मला एवढं हसू आलं की चहा सांडला. तेही हसले, डोळे मिटून. पण हसून झाल्यावर पुन्हा मशीनकडे बघत बसले. मी रिकामा थर्मास घेऊन घरी आले. रात्री वंदना म्हणताना त्या दोघांचंही भलं मागितलं, पायलचं आणि भाऊंचं. एकाच्या भल्यात दुसऱ्याचं कसं बसेल ते काही मला दिसत नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही तरीही गेलो. पायल म्हणाली, निदान रवीचा निरोप तरी होईल. शेड उघडी होती. भाऊ मशीनशेजारी हाताची घडी घालून उभे. रवी रिक्षाच्या सीटवर जाऊन बसला आणि उगाच मीटर उलटं फिरवत राहिला.

तेवढ्यात चिमणावहिनी डबा घेऊन आल्या. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाचं बेसन, शेडभर वास सुटला. त्यांनी सगळ्यांची तोंडं पाहिली.

"काय, कोणी वारलं का?"

पायल म्हणाली, "काकू, मशीन कापायची होती. काकांना ते बरोबर वाटत नाही."

"का वो?"

"पुजली ना," भाऊ म्हणाले. "दोनदा. एकदा माझ्या हातानं, एकदा तुझ्या."

वहिनींनी डबा खाली ठेवला. पदराने मान पुसली. "आपण मशीन कशाला पुजतो?"

"कशाला म्हंजे? तिनं धड काम करावं म्हणून."

"ग्राइंडर पुजला, तो काम करतो?"

"करतो."

"ड्रिल?"

"करतंय. काय लावलंस?"

"मंग हिचं काम काय हाय?"

भाऊंनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला.

"डायरेक्टरबाई," वहिनी पायलकडे वळल्या, "हिचं काम काय हाय?"

पायल हळूच म्हणाली, "जायचं, यायचं आणि मोडायचं."

"ऐकलं? जाऊन झालं, येऊन झालं. एक काम राहिलंय, आन तुम्ही तिला कामावरून आडवून धरलंय. दसऱ्याला हात जोडून सांगितलं, बाई काम कर. आता ती करतीय तर म्हणता नको. तिनं काय समजायचं?"

भाऊ मशीनकडे बघत होते. मग त्यांनी वर पत्र्याकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं. माझ्या गेटच्या वेळी मोजलं होतं ना, अगदी तसंच.

"आज वार कोणता?" त्यांनी विचारलं.

"रविवार, काका," रवी म्हणाला.

"रविवारच म्हणलो व्हतो ना मी? मंग बसलाय काय, उठ तितनं."

पायलने मोबाइल काढला. भाऊंनी आधी पान्याने पुढचा पत्रा सोडवला, शेंदराचं स्वस्तिक होतं तो, आणि कोपऱ्यात उभा करून ठेवला. पायलला म्हणाले, "हा येतानाच कुठं गळून पडला म्हण." मग ग्राइंडरला हात लावून कपाळाला लावला, मशीनला हात लावून कपाळाला लावला. डोळ्यांना काच लावली. कॅमेऱ्यात ते दिसणार नव्हते, मागच्या बाजूने कापणार होते. जाता जाता रवीला बोलले, "पाइप नाय कापणार. जितं जोडलं तितंच सोडवतो."

ठिणग्या उडाल्या. एक एक जोड सुटत गेला. रवी समोर उभा राहून घाबरल्याचं नाटक करत होता, पायल त्याच्या तोंडावर कॅमेरा धरून होती. ड्रम एका बाजूला कलला. शेवटचा जोड सुटताना कुठलीतरी वायर वायरला लागली आणि हॉर्न आपोआप सुरू झाला.

सगळी मशीन खाली कोसळली आणि त्या ढिगाऱ्यातून ते पिपाणीचं गाणं वाजतच राहिलं, वाजतच राहिलं. रवीला नाटक जमेना. तो पोट धरून खरंच हसायला लागला. हसत हसत मागे सरकला, शेडच्या बाहेर रस्त्यावर गेला आणि तसाच हसत कंपनीच्या दिशेने चालू लागला. पायल त्याच्या मागे मोबाइल धरून चालत गेली. सिनेमाचा शेवट तोच आहे. दुसऱ्यांदा घ्यावाच लागला नाही.

आत हॉर्न अजून चालूच होता. भाऊ काच वर करून उभे होते, त्यांचे डोळे ओले होते, पण ते ठिणग्यांमुळेही असेल. चिमणावहिनी त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"बघा," त्या म्हणाल्या, "गेली मागं. मागच्यांना सांगत सांगत गेली."

भाऊंनी वायर ओढून हॉर्न बंद केला. मग आम्ही सगळे खाली बसून नागलीची भाकरी खाल्ली.

सिनेमा आमच्या विहाराच्या हॉलमध्ये पडदा लावून दाखवला. भंतेही येऊन बसले होते. "जमीन मोजायला आला का?" याला म्हातारी माणसं हसली, हॉर्नला लहान पोरं हसली आणि चिमणावहिनी पत्र्यावर हात फिरवून बोलल्या तेव्हा मागे उभी असलेली माणसं पुढे सरकली. रवी चाकणहून खास आला होता. मशीन मोडली तेव्हा मी मुद्दाम भाऊंकडे पाहिलं. सरळ बसून ते पडद्याकडे टक लावून बघत होते.

नंतर पायलने विचारलं, "काका, कसा वाटला?"

"बरा हाय," ते म्हणाले. "एवढी आदळली, आपटली, मागं गेली, पण मी सोडवीपतुर एकबी जोड उसवला नाय. बघितलं का?"

सांगाड्याच्या पाइपांचा त्यांनी माठ ठेवायचा स्टँड केला आणि शेडच्या बाहेर लावला. शिफ्ट सुटली की कंपनीतून येणारी माणसं तिथे पाणी पितात. हॉर्न आता त्यांच्या टेम्पोला आहे. गल्लीत टेम्पो मागे घ्यायला लागले की पोरं धावत येतात आणि ओरडतात, "काका कोणत्या सालात चालले?"

यंदा दसऱ्याला लेणीवरून येताना मी आणि पायल शेडपाशी थांबलो. मशीन पुजून झाल्या होत्या. ग्राइंडर, ड्रिल, हातोडी, टेप, आणि त्यांच्यामध्ये तो जुना चंदेरी पत्रा. गेल्या वर्षीच्या शेंदरावर नवा शेंदूर होता, आणि माळही होती. भाऊंनी आमच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी पाहिजे."

त्यांनी वर पत्र्याकडे पाहिलं, बोटांवर मोजलं.

"बुधवारी," ते म्हणाले.